लाभार्थीने पाहणी करायची नसते

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता, चहाचा दुसरा कप संपल्यावर, साहेबांनी पत्नीला समुद्रातल्या बेटावर सुट्टीला नेण्यास तत्त्वतः मंजुरी दिली. मंजुरी तोंडी होती. त्या वेळी स्वयंपाकघरात पती आणि पत्नी असे दोघेच हजर होते.

साहेब सार्वजनिक इमारतींच्या तपासणी खात्यात वरिष्ठ अधिकारी आहेत. इमारत बांधून झाली, रंग लागला, फीत कापून झाली, तरी साहेबांनी तिची पायरी न् पायरी चढून पाहिल्याशिवाय तिचा वापर सुरू होत नाही. एका दवाखान्याची इमारत त्यांच्या शेऱ्यासाठी इतकी थांबली की तिची मोठी दुरुस्ती वापर सुरू होण्याच्या आधीच काढावी लागली. खात्यात त्यांना पाठीमागे शेरासाहेब म्हणतात. साहेबांना हे माहीत आहे आणि त्यावर त्यांचा काही शेरा नाही.

पत्नी एका मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया विभागात नर्स आहेत. त्या विभागाला खिडक्या नाहीत. सकाळी आत शिरताना जेवढे ऊन दिसेल तेवढे, आणि संध्याकाळी बाहेर पडताना उरले असेल तर तेवढे. यंदा बऱ्याच वर्षांनी त्यांना सलग दहा दिवसांची रजा मिळाली होती. त्यानंतर विभागात नवी यंत्रे सुरू होणार होती, त्यामुळे रजा पुढे ढकलता येणार नव्हती, आणि न घेतल्यास ती बुडणार होती. नर्सबाईंची मागणी दोन वाक्यांची होती.

"सकाळी डोळे उघडले की अंथरुणातूनच समुद्र दिसला पाहिजे. बाकी मला काही नको."

"मागणी रास्त आहे," साहेब म्हणाले.

नर्सबाईंनी जागाही शोधून ठेवली होती. बेटाच्या पूर्वेला, वाळूवरच उभ्या असलेल्या लाकडी खोल्या. पलंगासमोर अख्ख्या भिंतीएवढी खिडकी आणि खिडकीभर समुद्र. त्यांनी मोबाइल पुढे केला.

"हे बघा. हेच घेऊ या."

साहेबांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग लहान केला, मग मोबाइल आडवा धरला.

"हा फोटो कुठून काढलाय?"

"पलंगावरून."

"पण पलंग कुठे दिसतोय त्यात?"

"पलंगावरून काढल्यावर पलंग कसा दिसेल, अहो?"

"तेच म्हणतोय मी. पुरावा नाही."

रविवार तिथे राहून आलेल्यांचे अभिप्राय वाचण्यात गेला. एकाने लिहिले होते की लाटांच्या आवाजाने गाढ झोप लागली. दुसऱ्याने लिहिले होते की लाटांच्या आवाजाने डोळ्याला डोळा लागला नाही, रात्री तो बंद करण्याची सोय असावी. एका बाईंनी जागेला पाचपैकी एकच तारा दिला होता, कारण निघताना त्यांना रडू आले. पुरावा परस्परविरोधी आहे, असे सांगून साहेबांनी वाचन थांबवले आणि सोमवारी जेवणाच्या सुट्टीत थेट बेटावर फोन लावला. लाकडी खोल्यांच्या मॅनेजरने तो उचलला.

"खोलीपासून समुद्र किती अंतरावर आहे?"

"अगदी समोर, सर."

"समोर ही दिशा झाली. मी अंतर विचारतोय."

"भरतीचं सांगू की ओहोटीचं?"

"बांधकामाच्या वेळी तुम्ही कोणतं धरलं होतं?"

"सर, बांधकामाच्या वेळी आम्ही समुद्राला विचारलं नव्हतं."

साहेबांनी फोन ठेवला आणि समोरच्या कागदावर शेरा मारला: अंतर अनिश्चित. समुद्र जागेवर नसतो. संध्याकाळी घरी येऊन बूट काढता काढता त्यांनी सांगितले की प्रत्यक्ष पाहणी झाल्याखेरीज आरक्षण करता येणार नाही.

"मग चला की, जाऊन बघू," नर्सबाई बॅग काढायला उठल्या.

"मी कसा येणार? मंजुरी देणाऱ्याने पाहणी करायची नसते."

"बरं, मी जाते. बघते, आणि आवडलं तर तिथूनच फोन करते. तुम्ही या मागून."

"तू तर मुळीच नाही. तू लाभार्थी आहेस. लाभार्थीने पाहणी करायची नसते."

"अहो, पण राहायचंय मला!"

"म्हणूनच."

साहेबांच्या या काटेकोरपणाला इतिहास आहे. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात त्यांनी एक खोली न पाहता घेतली होती. खिडकी उघडून हात लांब केला की पलीकडच्या इमारतीची भिंत हाताला लागत असे. नर्सबाई त्या भिंतीवर टकटक करून इतक्या हसल्या की खालच्या मजल्यावरून तक्रार आली. साहेब हसले नाहीत. तेव्हापासून त्यांनी घरात न पाहिलेली उशीसुद्धा येऊ दिलेली नाही.

पहिल्या पाहणीसाठी नर्सबाईंच्या धाकट्या भावाची नेमणूक झाली. मेहुण्याचे फरशांचे दुकान आहे, त्यामुळे त्याला जागेची नजर असणार, असा साहेबांचा हिशेब होता. खर्च अर्थातच सुट्टीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून व्हायचा होता. मेहुणा बायकोलाही घेऊन गेला, कारण बाथरूम कसे आहे ते पुरुषाला कळत नाही. जाताना त्याने आपली मांजर ताईकडे आणून सोडली. दोन रात्रींसाठी गेलेला मेहुणा आठवड्याने परतला, तेव्हा त्याच्या नाकाचे साल निघत होते आणि तो विनाकारण हसत होता.

"कसं आहे?" साहेबांनी विचारले.

"भावोजी, एक नंबर."

"खिडकीतून समुद्र दिसतो?"

"समुद्रच दिसतो. दुसरं काही दिसतच नाही."

"पलंगावरून?"

"पलंगावरून, खुर्चीवरून, बाथरूममधून. डोळे मिटले तरी दिसतो, भावोजी."

"त्रुटी?"

मेहुण्याने बराच विचार केला. "परत यावं लागतं."

साहेबांनी हा अहवाल स्वीकारला नाही. ज्याअर्थी अहवालात एकही त्रुटी नाही, त्याअर्थी पाहणी झालेली नाही, हा खात्याचा जुना संकेत आहे. शिवाय पाहणी करणारा लाभार्थीचा सख्खा भाऊ होता.

"ताई, तू तरी सांग ना यांना," मेहुणा म्हणाला.

"मी काय सांगणार? मी लाभार्थी," नर्सबाई म्हणाल्या. मांजर त्यांच्या मांडीवर झोपली होती.

आता दुसऱ्या पक्षाचे माणूस पाठवणे भाग होते. साहेबांची थोरली बहीण अक्का निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना खोट काढता आली नाही अशी वस्तू अजून तयार झालेली नाही. त्या आपल्या यजमानांना घेऊन निघाल्या. यजमान घरात फारसे बोलत नाहीत. त्यांना वेळच मिळत नाही. निघण्याआधी अक्कांनी घराची किल्ली भावजयीच्या हातात ठेवली.

"गच्चीत कुंड्या आहेत. पाणी सकाळीच घालायचं, हं. आणि नळी लावू नकोस, झारीने घाल. नळीने माती उडते."

"हो, अक्का."

"मला काही हौस नाही गं जायची. पण त्याचा शब्द मोडवत नाही."

तिसऱ्या दिवशी अक्कांचा फोन आला. साहेबांनी तो स्पीकरवर घेतला.

"वाळू आहे सगळीकडे," अक्का म्हणाल्या.

"किनाऱ्यावर?"

"किनाऱ्यावर तर आहेच मेली. पायाला चिकटून खोलीत येते. आणि सूर्य फार लवकर उगवतो. थेट तोंडावर."

"पडदा नाही?"

"पडदा आहे. पण तो ओढला की समुद्र दिसत नाही."

साहेबांनी नर्सबाईंकडे पाहिले. पाहणी म्हणतात ती ही, असा त्या पाहण्याचा अर्थ होता. अक्कांनी पुढे कळवले की तुलनेसाठी दुसरी जागा पाहिल्याशिवाय मत देणे योग्य नाही, म्हणून त्या टेकडीवरच्या मोठ्या हॉटेलात मुक्काम हलवत आहेत. तिथून समुद्र खाली, लांब आणि गप्प असतो. वाळू वर येत नाही. "समुद्राने कसं आपल्या जागी असावं," अक्का म्हणाल्या. मात्र एका मुक्कामात समुद्राचा स्वभाव कळत नसल्याने त्यांना आणखी काही दिवस लागणार होते. मागून कोणीतरी गात असल्याचे ऐकू येत होते. ते अक्कांचे यजमान होते, हे साहेबांना फोन ठेवल्यावर बऱ्याच वेळाने लक्षात आले.

अशा रीतीने एका जागेऐवजी दोन जागा झाल्या आणि दोन अहवालांची तोंडे दोन दिशांना झाली. मेहुण्याला निदान एक तरी त्रुटी शोधून आणण्यासाठी परत पाठवण्यात आले. मांजर ताईकडेच राहिली.

याच सुमारास शेजारचे काका आले. काका निवृत्त लेखापरीक्षक आहेत. ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा त्यांचा स्वभाव नाही. ते भांडे पुढे करूनच आत शिरले.

"साहेब, तुम्हाला आता त्रयस्थ माणूस लागणार."

"आहे का कोणी?"

"मी आहे ना. तुमच्या मेहुण्याने माझ्या न्हाणीघरात फरशी वाकडी बसवून दिली, तेव्हापासून मी त्याच्याशी बोलत नाही. तुमच्या अक्कांनी माझ्या पोराला नापास केलं होतं, तेव्हापासून मी त्यांच्याशी बोलत नाही. माझ्याइतका निःपक्षपाती माणूस या जिन्यात दुसरा कोण आहे?"

साहेबांना हा युक्तिवाद बिनतोड वाटला. काका आणि काकू दुसऱ्या दिवशी निघाले. काकूंनी माशांची काचेची पेटी आणि त्यांच्या खाण्याची डबी नर्सबाईंच्या हवाली केली.

नर्सबाईंची रजा त्याच दिवशी सुरू झाली. सकाळी त्यांनी डोळे उघडले, तेव्हा अंथरुणातून समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसत होती. टाकी भरून वाहत होती. त्या काही वेळ ते पाणी पाहत पडून राहिल्या, मग उठून अक्कांच्या कुंड्यांना झारीने पाणी घालायला गेल्या.

काकांच्या नेमणुकीची बातमी पसरताच जिन्यात साहेबांना भेटणाऱ्या प्रत्येकाला तटस्थपणाचा झटका येऊ लागला. तिसऱ्या मजल्यावरचे जोडपे जुळ्या मुलांसह गेले, कारण लहान मुलांच्या दृष्टीने जागा कशी आहे हे कोणीच पाहिलेले नव्हते. आपल्याला लहान मुले नाहीत, हे नर्सबाईंनी सांगून पाहिले. "पण ती आजूबाजूला असू शकतात," साहेब म्हणाले, "आणि त्याचा त्रास किती होतो ते पाहायला नको?" कोपऱ्यावरचा दंतवैद्य तिथल्या पाण्याने चूळ भरून पाहण्यासाठी गेला. जाताना तो सहकुटुंब का गेला, हे कोणी विचारले नाही. वेगवेगळ्या वयाचे दात लागणार, हे उघड होते. सगळ्यांनी आपापल्या किल्ल्या नर्सबाईंकडे दिल्या. त्या रजेवर होत्या, त्यामुळे त्यांना वेळ होता.

रजेच्या मध्यावर रुग्णालयातून मेट्रनबाईंचा फोन आला.

"काय गं, मजेत ना? पाण्याचा आवाज येतोय, पण लाटांसारखा वाटत नाही."

"झारी आहे, मेट्रनबाई. मी नणंदेच्या गच्चीत आहे."

"अगं, मग रजा कशाला घेतलीस?"

"पाहणी चालू आहे."

"कसली?"

"मी कुठे राहावं याची."

"आणि सध्या कुठे राहते आहेस?"

नर्सबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सावरला. "सगळ्यांच्या घरी."

"हे बघ, यंत्रं आली आहेत," मेट्रनबाई म्हणाल्या. "सोमवारी सकाळी सातला तुला इथे उभं राहायचंय. त्याच्या आत काय बघायचं ते बघून घे, बाई."

बेटावर काकांचे काम जोरात होते. ते जाळीच्या झोपाळ्यावरून फोन करत. त्यांचा पहिला आक्षेप मूलगामी होता: दोन्ही ठिकाणांहून दिसणारा समुद्र एकच आहे, म्हणजे एकाच समुद्राबद्दल दोन ठिकाणी आकारणी होत आहे. हा समुद्र मूळ कोणाचा, हे ठरेपर्यंत कोणत्याही जागेची शिफारस करता येणार नाही. भरती आणि ओहोटीचा मेळ लावायचा तर पौर्णिमेपर्यंत थांबावे लागेल. काकूंची हरकत नव्हती. मेहुण्याला त्रुटी सापडली नव्हती, पण तो शोधत होता. अक्कांनी वाळूविषयीचे मत राखून ठेवले होते आणि त्यांच्या यजमानांनी पोहायला सुरुवात केली होती.

नर्सबाईंनी एकदा विचारले. "अहो, आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, असं नाही का वाटत तुम्हाला?"

"कुत्रं कोणाकडे आहे?" साहेबांनी विचारले. "त्याचीही सोय बघावी लागेल."

अखेर साहेबांनी संयुक्त पाहणीचा आदेश दिला. सर्व पथकांनी एकत्र बसून एकमताने कळवावे. आणि आश्चर्य म्हणजे त्यांनी कळवले. पूर्वेकडच्या लाकडी खोल्या, त्यातही टोकाची खोली, हीच जागा योग्य. अक्कांनीही सही केली. वाळूचे म्हणाल तर ती झटकता येते. नर्सबाईंनी जी जागा पहिल्याच दिवशी मोबाइलवर दाखवली होती, तीच ही जागा होती. साहेबांनी हे आवर्जून निदर्शनास आणले. "बघ," ते म्हणाले, "तुझं म्हणणं बरोबर होतं, हे आता सिद्ध झालं."

रजेचे दोन दिवस उरले होते. साहेबांनी अंतिम मंजुरी दिली आणि मॅनेजरला फोन लावला.

"खोली शिल्लक नाही, सर," मॅनेजर म्हणाला.

"एकही नाही?"

"सगळ्या तुमच्याच माणसांकडे आहेत. पाहणीला मुदतवाढ मिळालीय म्हणाले."

"पण निर्णय झालाय! टोकाची खोली रिकामी करायला सांगा."

"सांगितलं, सर. ते म्हणतात, लाभार्थी स्वतः आल्याशिवाय ताबा देता येत नाही."

"मग लाभार्थी येईल."

"जरूर यावं. फक्त आरक्षण नसेल तर आम्ही आत घेत नाही. आणि खोली रिकामी झाल्याशिवाय आरक्षण होत नाही."

साहेब या उत्तराने प्रभावित झाले. इतकी व्यवस्थित बांधलेली पद्धत त्यांनी खात्याबाहेर प्रथमच पाहिली. त्यांनी टेकडीवरच्या हॉटेलातही विचारले. तेही भरलेले होते. तिथे साहेबांच्याच खात्याचे एक पथक उतरले होते. निवासाच्या निवडीसाठी बहुस्तरीय पाहणी कशी करावी, याचा एक आदर्श नमुना बेटावर सुरू असल्याचे खात्याला कळले होते आणि त्याचा अभ्यास करण्यासाठी हा दौरा होता. दौऱ्याची फाइल गेल्या आठवड्यात साहेबांच्याच टेबलावरून गेली होती. त्यांनी तीवर किरकोळ शेरा मारला होता: जोडीदारांचा समावेश करावा.

त्या रात्री जेवताना साहेब समजुतीच्या सुरात बोलले.

"पुढच्या वर्षी बघ. सगळं तयार असेल. इतकी तपासलेली जागा कोणाच्या नशिबी येते?"

नर्सबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला. "ती भिंतीसमोरची खोली आठवते तुम्हाला?"

"न आठवायला काय झालं? तसं पुन्हा होऊ नये म्हणून तर एवढं सगळं करतोय मी."

"मला ती आवडली होती."

साहेबांनी घास हातातच धरला. "काय होतं तिच्यात आवडण्यासारखं?"

"मला नाही सांगता येणार. तुम्ही तिथे होतात ना?"

साहेब विचारात पडले. त्यांनी त्या खोलीतल्या त्रुटी बोटांवर मोजून पाहिल्या. सगळ्या आठवल्या. दुसरे काही आठवेना. मान वर करून पाहिले तेव्हा नर्सबाई उठून गेल्या होत्या.

शनिवारी सकाळी साहेब जागे झाले तेव्हा घरात मांजर आणि मासे होते. जेवणाच्या टेबलावर सगळ्या घरांच्या किल्ल्या ओळीने मांडलेल्या होत्या, प्रत्येकीला कोणाच्या घराची ते लिहिलेली चिठ्ठी बांधलेली. शेवटी नर्सबाईंचा मोबाइल होता. कपाटातली लहान बॅग नव्हती.

पुढची माहिती धक्क्यावरच्या तिकीटवाल्याकडून मिळाली. साहेबांनी दुपारी त्याची चौकशी केली.

"आल्या होत्या बाई. सकाळच्या बोटीचं एक तिकीट घेतलं."

"कुठलं?"

"मी विचारलं ना, कुठे उतरणार. म्हणाल्या, कुठे कुठे थांबते? मी म्हटलं, आधी मोठं बेट, पुढे तीन लहान आहेत. म्हणाल्या, मोठ्यावर आमची माणसं आहेत, तिथे नको. पुढचं द्या."

"पुढच्या बेटांवर राहायची काय सोय आहे?"

"ते कोणाला माहीत, साहेब? तिकडे कोण बघायला जातंय?"

साहेबांनी मोबाइलवर शोध घेतला. तिन्ही लहान बेटांचा एकही फोटो सापडला नाही. अभिप्राय शून्य. त्यांनी बेटावरच्या सर्व पथकांना सावध केले. पथकांनी किनाऱ्यावर उभे राहून पाहिले आणि समुद्रात काही दिसत नसल्याचे कळवले. परतीची बोट रविवारी संध्याकाळी होती. तिच्यातून बारा माणसे आणि एक शिलाई मशीन उतरले. सोमवारी सकाळी सात वाजता शस्त्रक्रिया विभागाच्या हजेरीत एक जागा मोकळी होती. मेट्रनबाईंनी तिच्यापुढे काही लिहिले नाही आणि दार लावून घेतले.

ही हकिगत षट्कर्णी झाल्यापासून साहेबांचा फोन सतत वाजतो आहे. बाई सुखरूप पोचल्या का, असे विचारणारा एकच फोन होता, मेट्रनबाईंचा. बाकीच्यांना लाकडी खोल्या बऱ्या की टेकडीवरचे हॉटेल, हे हवे होते. गेल्या दोन दिवसांत मात्र ही चौकशी मागे पडली आहे. आता लोक विचारतात की बाई उतरल्या ती जागा कशी आहे, खिडकीतून काय दिसते, आणि तिथे गर्दी होण्याआधी जायचे असेल तर कधी निघावे. तुम्हालाही तेच विचारायचे असेल, तर बाई अजून परतलेल्या नाहीत.